केवळबाईची मुदतवाढ

"ती गावाला गेलीया," केवळबाईंचे यजमान तुळशीराम थिटे स्वतःच्या वहाणांकडे बघत म्हणाले.

"कुठल्या गावाला?"

"गावाला म्हंजी गावाला. पावन्यात."

"कधी येतील?"

"ते काय सांगता येत न्हाई."

मी एम-एटी गाडी स्टँडवर लावली, डोक्याचा रुमाल सोडला आणि ओसरीवर बसलो. बावीस किलोमीटर खडी तुडवत आलो होतो. तीनच दिवसांपूर्वी याच ओसरीवर केवळबाईंनी मला गुळाचा चहा पाजला होता. "मावशी, गुरुवारी चौदा तारीख. त्या दिवशी घरीच थांबा, कुठं जाऊ नका," असं मी त्यांना दोनदा बजावलं होतं. आणि आज चौदा तारखेला, सकाळी नऊच्या आत, बाई गावाला गेलेली.

शहाण्णव सालचा मार्च होता. मी तेव्हा आमच्या भागातल्या कॅन्सर नोंदणी कार्यालयात फिरता कारकून होतो. कार्यालय म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यामागच्या दोन खोल्या, सहा कपाटं आणि आमच्या प्रमुख डॉक्टर नलिनी सरनोबत. शहरातल्या माणसाला कॅन्सर झाला तर तो किती वर्षं जगतो याचे आकडे पुष्कळ होते. खेड्यातल्या माणसाचं कुणी मोजलंच नव्हतं. सरनोबत बाईंनी ठरवलं की आपण मोजायचं. तीन तालुक्यांतल्या ज्या ज्या बाईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, तिच्या निदानाच्या तारखेपासून मोजायला लागायचं आणि पाच वर्षं झाली त्या दिवशी ती हयात आहे का ते बघायचं. शंभरातल्या किती उरल्या, हा तो आकडा. बाईंनी तो कागदावर मांडायचा होता आणि मी तो गावोगाव हिंडून गोळा करायचा होता.

कुणाच्या दारात उभं राहून "बाई जिवंत आहेत का?" असं काही विचारता येत नाही. मी आधी पाणी मागायचो. पाणी पिऊन झालं की "मावशी कशा आहेत?" म्हणायचो. तांब्या आणणारा माणूस तो खाली ठेवून शेजारी बसला, की मी वही न उघडताच समजायचो.

पहिल्या वर्षी मात्र मी कामचुकारपणा केला होता. एका गावात भर उन्हाचा पोचलो, घरापर्यंत जायचा कंटाळा केला आणि फाट्यावरच्या चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "त्या व्हय? ठणठणीत हायेत." मी 'हयात' लिहून मोकळा झालो. तो दुसऱ्याच घरातल्या बाईबद्दल बोलत होता. आमची बाई आठ महिन्यांपूर्वीच गेली होती.

सरनोबत बाईंनी मला समोर उभं केलं. "गुळवे, तुम्ही एका बाईला आठ महिने फुकट जगवलंत. पुन्हा असं झालं तर मी तुम्हाला पगारपत्रकातून बेपत्ता करीन." तेव्हापासून नियम झाला. माणूस डोळ्यांनी बघायचा, कागदावर त्याचा अंगठा घ्यायचा, तारीख घालायची. दर वर्षी, न चुकता.

त्या वर्षीच्या यादीत चौतीस बायका होत्या. तेहतिसांचा निकाल लागला होता. एकवीस गेल्या होत्या, बारा होत्या. चौतिसाव्या केवळबाई थिटे, मुक्काम हिंगणवाडी. वीस तारखेला सरनोबत बाई पुण्याच्या सभेत आकडा वाचणार होत्या आणि त्यांना यादीत एकही बेपत्ता नको होता. "ज्याचा पत्ता नाही तो जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. तो आपल्या आळशीपणाचा आकडा," असं त्या म्हणायच्या आणि म्हणताना माझ्याकडेच बघायच्या.

"मामा," मी तुळशीरामांना म्हणालो, "परवा मावशींचं काही बोलणं नव्हतं गावाला जायचं."

"निरोप आला अचानक."

"कुणाचा?"

"पावन्याचा."

तुळशीराम थिटे जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिपाई होते. खोटं बोलायची सवय नव्हती. बोलताना त्यांचे कान लाल व्हायचे आणि आत्ता ते मिरचीसारखे झाले होते. मी अंगणात नजर फिरवली. पत्र्याखालचा खुंटा रिकामा होता. दावंही नव्हतं.

"शेळी कुठाय?"

"कोनची शेळी?"

"मावशींची. मोडक्या शिंगाची."

"ती बी गेलीया."

"गावाला?"

"व्हय."

शेळी घेऊन कुणी एसटीत बसत नाही. म्हणजे बाई चालत गेल्या होत्या. साठीच्या, आजारातून उठलेल्या बाईला शेळीसकट चालत जाता येईल असं एकच पावणं होतं. ओढ्यापलीकडच्या सारोळ्यातली त्यांची मुलगी हौसा. मी उठून रुमाल बांधायला लागलो तशी तुळशीराममामांची धांदल उडाली.

"सारोळ्याला न्हाई ती!"

"मी कुठं सारोळा म्हणालो?"

मामांनी जीभ चावली. मग टोपी घालून ते माझ्या मागे गाडीवर येऊन बसलेच. "चला, म्या दावतो न्हाई म्हनून," ते म्हणाले.

वाटेत गाडीच्या आवाजावर आवाज काढून मी विचारलं, "मामा, खरं सांगा. काय झालं? मी काही चुकीचं बोललो का परवा?"

मामांनी टोपी घट्ट केली. मग मामा एकदम म्हणाले, "तुमी फाइल बंद करनार म्हनालात."

म्हणालो होतो. "चौदा तारखेचा अंगठा झाला की पाच वर्षं पुरी, मावशी. तुमची फाइल बंद. पुन्हा मी त्रास द्यायला येणार नाही," असं मी हसत हसत म्हणालो होतो, म्हणजे बाईंना बरं वाटावं म्हणून. चहाची बशी त्यांच्या हातात तशीच राहिली होती, हे मला आत्ता आठवलं.

"बंद म्हणजे काम पूर्ण झालं, मामा. चांगलं असतं ते."

"सायेब, म्या नोव्हेंबरात ब्यांकेत हयातीचा दाखला देतो. दर साली. कागदावर अंगठा, हापिसराची सही, की पुढलं साल चालू. एका साली माजा दाखला ऱ्हायला. आजारी हुतो. तर पेन्शन बंद. म्या ब्यांकेत जाऊन सायबाच्या म्होरं उबा ऱ्हायलो, म्हनलं बगा, म्या हाय. तर म्हनतो, आमच्या कागदावर तुमी न्हाई. सा म्हैनं म्या नव्हतो. कळलं का? जित्ता आसून नव्हतो."

"पण मामा, ते पेन्शनचं आहे. आमचं तसं नाही."

"कसं न्हाई? तुमी दर साली येता. अंगठा घेता. तारीख घालता. ती जगती. तिसऱ्या साली तुमी दोन म्हैनं उशिरा आलात. आठवतंय?"

मला त्या वर्षी कावीळ झाली होती.

"त्या दोन म्हैन्यांत ती खाटंला खिळली. अन्नावरली वासना गेली. तुमी आलात, अंगठा घेतलात, आठव्या दिवशी बाई खुरपाया गेली. आख्ख्या गावानं बगितलंय. आन आता तुमी म्हनताय मुदत सपली."

माझी गाडी खड्ड्यातून गेली आणि आम्ही दोघं उडालो. पुष्कळ गोष्टींचा उलगडा मला त्या खड्ड्यात झाला. हिंगणवाडीत शिरलो की पोरं "हयातीचं सायेब आलं" म्हणून ओरडत पुढे पळायची. मला वाटायचं, मान आहे. एकदा किसन भोंग नावाचा धडधाकट शेतकरी कोंबडा घेऊन आला होता आणि "आमचं बी नाव घ्या की वहीत" म्हणून पाठीशी लागला होता. मी म्हणालो, अहो, त्यासाठी कॅन्सर झालेला लागतो. त्यावर तो गंभीरपणे म्हणाला होता, "त्याला कागद काय काय लागत्यात?" मी ती गोष्ट कार्यालयात सांगून हशा मिळवला होता. आता हसू येईना.

"म्हणून लपल्या?" मी विचारलं. "मला सापडायचंच नाही असं?"

"अंगठा न्हाई तर फाइल बंद करता येत न्हाई. नियम हाय," मामा म्हणाले. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली होती त्यांनी.

सारोळ्यात हौसा दारातच उभी होती. आमच्या गाडीचा आवाज तिला ओढ्यापासून आला असणार. "आई न्हाई आली," मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली.

तिच्या मागे, लिंबाखाली, मोडक्या शिंगाची शेळी पाला खात होती.

"ही शेळी?"

हौसानं बापाकडे बघितलं. बापानं आभाळाकडे.

"ती एकलीच आली," हौसा म्हणाली. "वाट ठावं हाय तिला."

"ओढा ओलांडून? एकटी?"

"लई हुशार हाय."

हुशार शेळीनं तेवढ्यात मान वर केली, दावं ताणलं आणि घरामागच्या कडब्याच्या गंजीकडे तोंड करून ब्यँ केलं. ज्वारी नुकतीच निघाली होती, त्यामुळे गंजी नवी आणि उंच होती. शेळीनं पुन्हा ब्यँ केलं. गंजीतून हळूच आवाज आला, "गप बस, भवाने."

हौसानं कपाळाला हात लावला. मी वही काढली, गंजीजवळ गेलो आणि मातीतच मांडी घालून बसलो. भिंत आणि गंजी यांच्यामध्ये हातभर फट होती, तिच्यावर पेंढ्या आडव्या टाकल्या होत्या.

"मावशी," मी गंजीला म्हणालो.

शेळीनं मान वळवून बघितलं.

"मावशी, मी गुळवे."

"म्या हितं न्हाई," गंजी म्हणाली.

"मला आवाज येतोय तुमचा."

"आवाजाचं चालतंय का कागदावर?"

चालत नव्हतं. डोळ्यांनी बघायचं आणि अंगठा घ्यायचा. एक पेंढी ओढली असती तर निम्मं काम झालं असतं, पण दुसऱ्याच्या दारात जाऊन बाईमाणसाला कडब्यातून ओढून काढायचं हे माझ्या नोकरीत नव्हतं. मी पेंढीला हात लावला नाही.

"मावशी, अहो, माझ्या अंगठ्यानं कुणी जगत नाही. तुम्ही औषधानं जगलात. किरणं घेतलीत, पंचवीस दिवस दवाखान्यात राहिलात, म्हणून जगलात. मी नुसता बघून जातो."

"मंग बगाया कशाला येता?"

"मोजायला."

"पाचच वर्सं का? सा का न्हाई? कुनी ठरिवली पाच?"

हे मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांच्या सगळ्या पुस्तकांत पाच होतं म्हणून आमच्याकडेही पाच होतं. "मोठ्या डॉक्टरांनी," मी म्हणालो.

"आन पाचाच्या म्होरलं?"

"पुढचं आम्ही मोजत नाही."

"मोजत न्हाई म्हंजी नसतंय का?"

तुळशीराममामा बाजूला येऊन उकिडवे बसले होते, त्यांनी मान हलवली. बरोबर मुद्दा काढला, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"समजा, म्या न्हाईच गावले," गंजी म्हणाली, "तर काय लिवता?"

"बेपत्ता."

"आन बेपत्ता मानूस किती वर्सं जगतंय?"

"ते कुणालाच माहीत नसतं, मावशी."

"मंग बेपत्ताच बरं."

मी हसलो असतो, पण आतला आवाज थट्टेचा नव्हता. कडबा सळसळला. बाई बसल्या जागी वळल्या असाव्यात.

"सायेब, दवाखान्यात माज्या खोलीत आमी सा जनी हुतो. पारगावची सुंद्रा हुती. तिचं प्वार लहान हुतं, अंगावरचं. ती बायजा, लई बोलायची, रातभर बोलायची. आनी एक म्हातारी, तिचं नाव काय की. समद्यांना एकच दवा, एकच किरनं. त्यांच्याकडं जातासा का न्हाई अंगठ्याला?"

दुसऱ्या रोग्याची माहिती सांगायची नाही असाही नियम होता. पण मला ती नावं पाठ होती. सुंद्राबाई यादीत अकरावी. बायजाबाई सतरावी. म्हाताऱ्या बाईंचं नाव ठकूबाई, तेविसावी. तिघींच्या दारात मी पाणी मागितलं होतं आणि तिन्ही ठिकाणी तांब्या आणणारा माणूस खाली बसला होता.

"गेलो होतो," मी म्हणालो.

"मंग?"

"उशीर झाला होता."

बोलून गेलो आणि माझ्या लक्षात आलं की मी काय बोललो. मला म्हणायचं होतं की त्या आधीच वारल्या होत्या, माझ्या जाण्या न जाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पण तोंडातून तसं आलं. तीन वर्षं मला तसंच वाटत होतं हेही मला तेव्हाच कळलं. सुंद्राबाईचं मूल माझ्या वहीची दोरी ओढत होतं, ते दिसायला लागलं. डोळ्यांत पाणी आलं आणि मी गंजीसमोर मातीत बसून खुशाल नाक ओढायला लागलो. हौसानं घाईघाईनं पाण्याचा तांब्या आणला. ती बसली नाही, उभी राहिली. तेवढ्यानंही मला बरं वाटलं.

"रडताय व्हय?" गंजीतून आवाज आला.

"नाही."

"म्या बी हितं न्हाई," केवळबाई म्हणाल्या.

मी तोंड पुसलं. "मावशी, एक ऐका. मग तुम्ही म्हणाल तसं. चौतीस बायका होत्या तुमच्या साली. तुम्ही बेपत्ता राहिलात तर मला बाराच हयात लिहाव्या लागतील. म्हणजे शंभरात पस्तीस. तुम्ही अंगठा दिलात तर तेरा. म्हणजे शंभरात अडतीस."

"मंग?"

"उद्या सुंद्राबाईसारखी कुणी दवाखान्यात येईल. तान्हं मूल घेऊन. डॉक्टरांना विचारील, मी वाचते का? डॉक्टर आमचा कागद बघून सांगतील. पस्तीस सांगायचं का अडतीस?"

"माज्या येका अंगठ्यानं तीन बाया वाडत्यात?"

"कागदावर वाढतात."

"तिला कळंल का, म्या जगले म्हनून?"

"नाव नाही कळणार. आकडा कळेल."

पेंढ्या हलल्या. आधी एक हात बाहेर आला, मग डोकं. केसांत, मोडक्या दांडीच्या चष्म्यावर, सगळीकडे ज्वारीची पात. केवळबाई गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि लुगडं झटकत म्हणाल्या, "घ्या. पन म्होरल्या वर्साचं बोला आदी."

"पुढच्या वर्षाचं काय?"

"मुदतवाढ," तुळशीराममामा मधेच म्हणाले. "तसा अर्ज करता येतो. लेखी द्या."

मी त्या दोघांकडे बघितलं. पिशवीत कार्यालयाचे छापील कोरे कागद होते. गोल शिक्काही होता, अंगठ्याशेजारी मारायचा. सरनोबत बाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला, पगारपत्रकही आलं. मग मी एक कागद वहीवर ठेवला.

"विषय," मामा सांगायला लागले. त्यांनी डोळे मिटले होते. "विषय, मुदतवाढ मिळनेबाबत. महोदय, सदर बाई दिनांक चवदा मार्चपावतर हयात असून—"

"असून," मी लिहिलं.

"पुढील वर्षी सदर तारखेस हयात राहनेस परवानगी देन्यात येत आहे. कारन."

"कारण काय लिहू?"

मामा अडकले. बत्तीस वर्षांत असा अर्ज त्यांच्या हातून गेला नव्हता.

"शेळी गाभन हाय," केवळबाई म्हणाल्या. "लिवा."

मी लिहिलं. पुढील भेट, चौदा मार्च एकोणीसशे सत्त्याण्णव. सही केली, शिक्का मारला.

"जावक क्रमांक," मामा म्हणाले. "जावक क्रमांकाबिगर कागद म्हंजी चिटोरी."

मी जावक क्रमांक एक टाकला. केवळबाईंनी दोन्ही कागदांवर अंगठा दिला. आधी आमच्यावर, मग त्यांच्यावर. त्यांच्या कागदावर त्यांनी जरा जास्त जोर दिला.

वीस तारखेला पुण्यात सरनोबत बाईंनी आकडा वाचला. बेपत्ता शून्य. आल्यावर त्यांनी मला पेढा दिला आणि तो मी खाल्ला. मुदतवाढीचं मी साफ विसरून गेलो. पुढच्या मार्चमध्ये दुसऱ्याच तालुक्यात हिंडत होतो तेव्हा कार्यालयात एक पोस्टकार्ड आलं. 'स्मरणपत्र क्रमांक एक. संदर्भ, आपले जावक क्रमांक एक. सदर प्रकरणी तारीख जवळ आली आहे. तरी तातडीने कार्यवाही व्हावी. आपला, तु. ग. थिटे, सेवानिवृत्त शिपाई.'

पोस्टकार्ड सरनोबत बाईंच्या टेबलावर होतं. मी समोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, गंजीपासून गाभण शेळीपर्यंत. नोकरी गेली, असं धरूनच सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"जावक क्रमांक एक आपल्या रजिस्टरमध्ये आहे का?"

"नाही, बाई."

"मग नोंदवून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि चौदा तारखेला उशीर करू नका."

त्यानंतर चौदा वर्षं मी दर चौदा मार्चला हिंगणवाडीला गेलो. एम-एटी मोडीत निघाली, मोटरसायकल घेतली, रस्ता डांबरी झाला. दर वर्षी मामा मजकूर सांगायचे आणि मावशी कारण सांगायच्या. नातीचं लग्न. विहिरीचं काम. चिंचा झोडायच्या राहिल्यात. एका वर्षी नुसतंच 'तूर बरी आलीया' एवढंच. मधे दहा वर्षांचा आकडा काढायचं ठरलं, तेव्हा आमच्याजवळ पूर्ण कागद असलेली बाई ही एकच निघाली.

दोन हजार दहा साली मी अंगठा घेऊन आलो आणि आठव्या दिवशी केवळबाई गेल्या. दुपारी चिंचेखाली आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. कॅन्सरचा काही संबंध नव्हता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुळशीराममामा कार्यालयात आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सगळे पंधरा कागद क्रमानं लावलेले.

"सायेब, अजून अकरा म्हैनं तीन आठवडं बाकी हुतं," ते म्हणाले.

मी चहा मागवला. त्यांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"ऱ्हायलेली मुदत वारसाला लागती का? पेन्शनीत हाय तशी सोय. बायकूला मिळती. मंग नवऱ्याला मिळंल का?"

मी कागद पुढे ओढला. विषय, उर्वरित मुदत वर्ग करणेबाबत. त्यांनी मजकूर सांगितला नाही, मीच लिहिला. कारणाच्या जागी काय लिहायचं विचारलं तर म्हणाले, "शेळीला कुनी न्हाई." मामा त्यानंतर चार वर्षं जगले, तीन वेळा माझ्याकडे येऊन कागद पुढे चालवून घेतला. जावक रजिस्टरमध्ये सगळं आहे, कुणालाही बघता येईल.

सरनोबत बाई गेल्या, मी निवृत्त झालो. आता घरोघर जायची पद्धत राहिली नाही. कार्यालय फोन करतं आणि तेही काम कुठल्याशा कंपनीकडे दिलंय, तिथल्या मुली विचारतात.

परवा सकाळी माझा फोन वाजला. समोर एक मुलगी होती, आवाज गोड, घाईत.

"नमस्कार, कॅन्सर नोंदणीकडून बोलतेय. मल्लिनाथ गुळवे यांचा नंबर ना? पाच वर्षांपूर्वी निदान झालेलं, डावा गाल. आज त्यांची पाच वर्षं पूर्ण होतायत. ते हयात आहेत ना? एवढं कन्फर्म केलं की फाइल क्लोज होईल, मग पुन्हा आमचा फोन येणार नाही."

डाव्या गालाचा आकडा मीच काढलेला आहे. तो मला पाठ आहे, तुम्हाला सांगत नाही. मी खिडकीतून बाहेर बघितलं. बायको समोर मेथी निवडत बसली होती.

"हॅलो? गुळवे आहेत का?"

"ते गावाला गेलेत," मी म्हणालो.

"कुठल्या गावाला?"

"गावाला."

"कधी येतील?"

"ते काही सांगता येत नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. हिंगणवाडीची गोष्ट तिनं माझ्याकडून शंभरदा ऐकली होती. ती उठली, हात पदराला पुसले आणि पुढच्या दाराला आतून कडी घातली.